पिन खोऱ्यातला नाताळ: बर्फात अडकलेल्या सहा मित्रांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीत जायला एकच वाट उरते. मनालीकडून येणारा रस्ता कुंझुम खिंडीतून येतो. साडेचार हजार मीटरहून उंच असलेली ही खिंड एकदा बर्फाखाली गेली की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उघडत नाही. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौल हिवाळ्यातही मनालीला जोडलं गेलं. पण कुंझुम बोगद्याच्या पुष्कळ पलीकडे असल्यामुळे स्पितीचं हिवाळ्यातलं येणंजाणं आजही किन्नौरमार्गेच चालतं: सिमला, रामपूर, सुमदो, ताबो, काझा. काझा हे स्पितीचं मुख्य ठाणं. त्याच्या अलीकडे अत्तरगूला पूल ओलांडला की पिन नदीचं खोरं सुरू होतं. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांच्या पोटातून कोरलेला अरुंद रस्ता, आणि टोकाला ३,७००-३,८०० मीटर उंचीवर वसलेली चिमुकली गावं. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान १९८७ पासून याच खोऱ्यात आहे, आणि डिसेंबरात आयबेक्स या पहाडी रानबोकडांचे कळप गावांच्या जवळ उतरतात म्हणून छायाचित्रकार इकडे येतात.

प्रकरणातले सहा जण कॉलेजपासूनचे मित्र, वय तिशीच्या मध्यावर. चौघे पुण्याचे, एक मुंबईचा आणि एक मैत्रीण वसईची, कॅथलिक कुटुंबातली. किन्नौरचा एक चालक आणि त्याची गाडी भाड्याने घेतलेली. किन्नौरमार्गे टप्प्याटप्प्याने चढत आल्यामुळे उंचीचा त्रास कुणालाच झाला नव्हता. २० डिसेंबरला ते खोऱ्यातल्या एका गावी होमस्टेमध्ये उतरले. २३ ला सकाळी निघायचं आणि नाताळ काझाला साजरा करायचा, असा बेत होता.

गावाचं नाव, साल आणि माणसांच्या ओळखी मी मुद्दाम दिलेल्या नाहीत. पदभ्रमण क्लबांच्या शिबिरांत मी हे प्रकरण चर्चेला घेतो. त्यासाठी सहाही जणांशी स्वतंत्रपणे बोललो, आणि यजमानांशी फोनवर. अडकलेली माणसं आपली गोष्ट सांगतात तेव्हा ती बहुतेकदा सुटकेची गोष्ट असते. माझ्या मते या प्रकरणाचं खरं केंद्र त्या घराच्या हिवाळ्याच्या साठ्यात आहे.

अडचण कशी उभी राहिली

२२ तारखेच्या दुपारी आभाळ भरून आलं. हिमालयात हिवाळी बर्फ आणणारा पश्चिमी चक्रावात येतोय, असा इशारा सिमल्याच्या हवामान केंद्राने आधीच दिला होता आणि चालकाला तो ठाऊक होता. तीनच्या सुमारास तो म्हणाला, "साब, आत्ता निघालो तर अंधार पडेपर्यंत काझा गाठू. उद्याचं मला सांगता येणार नाही."

हा पहिला निर्णय. सहा जणांनी मतं घेतली. दोघे निघायच्या बाजूचे, चौघे थांबायच्या. आयबेक्सचा मोठा कळप त्याच दिवशी दिसला होता आणि सकाळच्या उजेडात तो पुन्हा टिपायचा होता. शिवाय फोनवरच्या अॅपमध्ये हलका बर्फ दाखवत होता. चालकाला मत विचारलंच नाही, कारण मतदान मित्रांमधलं होतं.

संध्याकाळी बर्फ सुरू झाला. २३ ला सकाळी दार उघडलं तेव्हा गाडीची चाकं दिसत नव्हती. वीज गेली होती आणि विजेबरोबर फोनचा सिग्नलही. २३ चा अख्खा दिवस आणि २४ ची दुपार बर्फ पडतच राहिला. खाली कुठेतरी हिमस्खलन होऊन रस्ता बंद झाल्याचं गावकऱ्यांना आवाजावरूनच कळलं.

इथवरची कथा दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते. या गटाची खरी अडचण २३ च्या सकाळी समोर आली. गटातल्या एकाला कॉलेजपासून टाइप १ मधुमेह आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे बाहेरून घ्यावंच लागतं. इन्सुलिन टोचायची वापरातली दोन पेनं त्याच्या खिशात होती. पण राखीव पेनांची पिशवी गाडीच्या डिकीत राहिली होती, आणि रात्री तापमान शून्याखाली पंधरापर्यंत उतरत होतं. राखीव साठा गोठला होता.

समोरचे पर्याय

गोठलेलं इन्सुलिन खोलीतल्या ऊबेत तासाभरात वितळलं आणि दिसायला पूर्वीसारखंच स्वच्छ झालं. मोह तिथेच होता. पण एकदा गोठलेल्या इन्सुलिनचा गुण किती उरला हे डोळ्यांनी कळत नाही. डोस घेतल्यावर साखर उतरली नाही तर दोष जेवणाचा, डोसचा की औषधाचा, हे कोडं अशा ठिकाणी सोडवता येत नाही. त्याने ती पेनं वेगळी बांधून ठेवली आणि वापरायची नाहीत असं ठरवलं.

मग वही काढून हिशेब मांडला. एका पेनात ३ मिली, म्हणजे ३०० युनिट असतात. दिवसभर काम करणाऱ्या इन्सुलिनची १८० युनिट शिल्लक होती आणि रोज २० लागत, म्हणजे आठ-नऊ दिवस. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनची मात्र ११० च उरली होती. त्याचीही रोज २० लागत, पण प्रत्येक वेळी सुई तपासायला २ युनिट बाहेर सोडावी लागतात, तीन जेवणांची मिळून ६. म्हणजे रोजचा खर्च २६ आणि साठा चार दिवसांचा. या सहा युनिटांचा हिशेब घरी कुणी करत नाही. इथे त्यांच्यामुळे एक दिवस कमी होत होता.

म्हणून "रस्ता कधी उघडेल" या प्रश्नाला मुदत आली: साधारण २७ तारीख. त्या मुदतीत चार वाटा दिसत होत्या.

पहिली, लगेच चालत खालच्या मोठ्या गावी उतरायचं. अंतर बाराएक किलोमीटर, उताराचं. गटातल्या दोघांना हे जमेल असं वाटत होतं. गावातले एक मेमे, म्हणजे आजोबा, यांनी स्पष्ट नकार दिला. त्यांचा नियम असा होता की बर्फ थांबल्यावर निदान दोन रात्री जाऊ द्यायच्या आणि मगच पहाटे, ऊन उतारावर यायच्या आत, नाले ओलांडायचे. ताज्या बर्फाचा थर खालच्या थराला धरायला वेळ घेतो, आणि हिमस्खलनाचा धोका मोठ्या बर्फवृष्टीत आणि त्यानंतरच्या दिवस-दोन दिवसांत सर्वाधिक असतो, हे बर्फाचे अभ्यासकही सांगतात. मेमेंनी ते आयुष्यभर पाहिलं होतं.

दुसरी वाट, गावातल्या दोन तरुणांनी आपण होऊन पुढे केलेली: "तुम्ही थांबा, आम्ही जाऊन औषध आणतो." याबद्दल गटात खूप वेळ बोलणं झालं. तरुणांना वाट पाठ होती, पैसे द्यायची गटाची तयारी होती, आणि मित्राच्या जिवाचा प्रश्न होता. ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्यानेच ते थांबवलं. उतार आपल्यासाठी धोक्याचा असेल तर त्यांच्यासाठीही तो तितकाच धोक्याचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. औषध संपायला अजून चार दिवस असताना पहिल्याच दिवशी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचं कारण नव्हतं. या प्रकरणातला हा सगळ्यात स्वच्छ निर्णय, असं मला वाटतं.

तिसरी, काझाच्या प्रशासनाला कळवून हेलिकॉप्टर मागायचं. हिमाचलात बर्फाने तुटलेल्या भागांतून रुग्णांना हवाईमार्गे हलवलं जातं, पण आभाळ मोकळं असेल तेव्हाच.

चौथी, थांबायचं आणि थांबण्याची नीट आखणी करायची. त्यांनी चौथी निवडली आणि तिसरीची तयारी बाजूला चालू ठेवली.

काय केलं

थांबायचं म्हणजे कुणाच्या जिवावर, हा प्रश्न त्यांना वसईच्या मैत्रिणीने विचारायला लावला. स्पितीतल्या घरात डिसेंबरला जे असतं ते वसंतापर्यंत पुरवायचं असतं. जव, त्याचं भाजून दळलेलं पीठ म्हणजे त्सम्पा, काळे वाटाणे, बटाटे, वाळवलेलं मांस, याकच्या दुधाचं छुरपे, म्हणजे वाळवलेलं चीज. जळणासाठी सरकारी डेपोतून आणलेली लाकडं आणि उन्हाळाभर गोळा केलेल्या गोवऱ्या. सहा पाहुणे आणि चालक, सात माणसं. २३ ते २६ अशा चार जादा दिवसांचे अठ्ठावीस माणूस-दिवस झाले. घरातली माणसं पाच.

त्यांनी यजमानांना साठा विचारला. आधी ते हसून टाळत राहिले. पाहुण्याला असलं सांगायची तिथे रीत नाही. शेवटी घरातल्या आमांनी, म्हणजे आईंनी, कोठार उघडून दाखवलं. पीठ भरपूर होतं, लाकूड काटकसरीचं होतं आणि मांस मोजकं.

त्यानुसार पुढचं ठरलं. पाहुण्यांच्या खोलीतला तंदूर बंद. तंदूर म्हणजे तिथली धुराड्याची लोखंडी शेगडी. सगळे घरच्यांच्या मधल्या खोलीत झोपू लागले, एका जाळावर बारा माणसं. पहिल्या रात्री एकाने लोखंडी घमेल्यात निखारे भरून आपल्या खोलीत न्यायची कल्पना काढली होती. यजमानांनी त्याचा हात धरून थांबवलं. बंद खोलीत निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. पहाडात दर हिवाळ्यात अशी घरंच्या घरं जातात. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

छपरं मातीची आणि सपाट असतात. वरचा बर्फ वेळीच ओढला नाही तर तो वितळून घरात गळतो. पाहुण्यांनी छपराचं काम अंगावर घेतलं. त्या उंचीवर दहा फावडी ओढली की दम लागतो, तेव्हा पाळ्या लावल्या. नळ गोठले होते, म्हणून झऱ्यावरून पाणी आणण्याचंही काम वाटून घेतलं.

आजारी नसलेल्या आजाऱ्याची दिनचर्याही बदलली. पेनं रात्रंदिवस आतल्या बंडीच्या खिशात. साखर मोजायचं यंत्र थंडीत नुसती चूक दाखवत होतं, म्हणून आधी काखेत ऊब देऊन मग वापरायचं. जेवणाआधीचं इन्सुलिन पुरवायचं तर पिठाचे पदार्थ कमी खायला हवेत. पण घरात मुबलक होतं ते पीठच, आणि तुटवडा होता तो मांसाचा. म्हणजे दोन काटकसरी एकमेकींच्या आड येत होत्या. पाहुण्यांनी मांस नको म्हटल्यावर आमा नाराज झाल्या होत्या. कारण कळल्यावर त्यांनीच तोडगा काढला: मांस आणि छुरपे त्या एकाला, बाकीच्यांना थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, आणि त्सम्पा. घराने नाताळसाठी मेंढी कापू का, असंही विचारलं होतं. त्याला मात्र सगळ्यांनी हात जोडून नाही म्हटलं.

२५ ला वीज आली आणि छपरावर उभं राहिल्यावर फोन लागला. पुण्यातल्या डॉक्टरांनी कमी जेवणाला डोस कसा बेतायचा हे सांगितलं आणि गोठलेली पेनं वापरू नका हेही. काझाला फोन करून रुग्णाची माहिती नोंदवली. हेलिकॉप्टरचं पक्कं आश्वासन मिळालं नाही, पण नाव यादीत गेलं आणि रुग्णालयात लागणारं औषध बाजूला काढून ठेवतो असं कळलं.

नाताळ

२४ ची संध्याकाळ वसईच्या मैत्रिणीला जड गेली. घरी तेव्हा गल्लीगल्लीत नाताळ गोठे सजलेले असतात, मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, आणि तिच्या माहितीतला एकही नाताळ चर्चविना गेलेला नव्हता. तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण आमांना ते दिसलं, आणि त्यांनी चालकामार्फत हिंदीत विचारलं की आज तुमचा कोणता सण आहे.

तिने सांगितलं: एका बाळाचा जन्म, प्रवासात असलेले आईबाप, उतरायला जागा नाही, म्हणून गोठा. आमांना हे समजायला काहीच अडलं नाही. स्पितीतल्या जुन्या घरांत खालचा मजला जनावरांचाच असतो, आणि हिवाळ्यात त्यांच्या अंगाची ऊब वर येते. त्या उठल्या, त्सम्पा लोण्यात मळला आणि चित्रं घडवायला बसल्या. पूजेसाठी तोर्मा, म्हणजे पिठा-लोण्याच्या आकृती, करणारे हात ते. एक बाळ, एक आई, एक याक, दोन मेंढ्या. जोसेफ मैत्रिणीने केला. ती म्हणते, तो सगळ्यात ओबडधोबड झाला. घरातल्या लहान मुलाने एक घोडा करून ठेवला, कारण त्यांच्याकडे घोडा होता.

खाली, खऱ्या गोठ्यात, जवाच्या काडांवर ही चित्रं मांडली. शेजारची मुलं पाहायला आली. तिने एक मराठी नाताळगीत म्हटलं, चालकाने किन्नौरचं एक गाणं म्हटलं. पाहुण्यांच्या पिशवीत रवा आणि गूळ होता, वाटेत किन्नौरात घेतलेले वाळलेले जर्दाळू होते. त्याचा शिरा झाला, माणशी वाटीभर. मधुमेही मित्राने एक चमचा घेतला. सकाळी पिठाची चित्रं जनावरांना घातली. पीठ वाया घालवायचं नाही हे ठरलेलंच होतं.

मी सहाही जणांना विचारलं, तेव्हा ही संध्याकाळ प्रत्येकाने आपण होऊन सांगितली. पाच जणांना तो आपण पाहिलेला पहिला खरा नाताळ वाटतो. ती एकटी म्हणते की मिस्सा चुकल्याचं दुःख तेव्हाही होतं आणि आजही आहे. आमांच्या हातचं बाळ तिला प्रिय आहे, पण एकाने दुसऱ्याची भरपाई झाली नाही. तिचं हे म्हणणं मी शिबिरात नेहमी जसंच्या तसं ठेवतो.

परिणाम

बर्फ २४ च्या दुपारी थांबला होता. मेमेंच्या नियमाप्रमाणे दोन रात्री गेल्या. २६ ला आभाळ मोकळं होतं, पण हेलिकॉप्टर दुसऱ्या भागात गेलं. कमी जेवणामुळे इन्सुलिन अजून दीड दिवसाचं उरलं होतं. २७ ला पहाटे सहाही जण गावातल्या चार तरुणांबरोबर निघाले. प्रत्येक नाला एकेकाने ओलांडायचा आणि बाकीच्यांनी अलीकडे उभं राहून वर नजर ठेवायची, अशी पद्धत ठेवली. वाटेत हिमस्खलनाचे ताजे ढिगारे लागले. ऊन उतारावर यायच्या आत धोक्याचे नाले मागे पडले आणि दुपारी ते खालच्या गावी पोचले. तिथवर रस्ता साफ झाला होता. संध्याकाळी काझाच्या रुग्णालयात औषध हातात पडलं.

चालक गाडीपाशी राहिला. त्याची गाडी महिनाभराने बाहेर निघाली. गटाने त्याला त्या सगळ्या दिवसांचं भाडं दिलं, यावर त्यांच्यात वाद झाला नाही. यजमानांनी जादा दिवसांचे पैसे घ्यायला आधी नकार दिला होता. शेवटी ठरलेल्या दराने पूर्ण रक्कम घेतली. पण त्या दिवसांत पैशांनी लाकूड विकत मिळत नव्हतं. रस्ता उघडल्यावर काझाहून तांदूळ, डाळ आणि तेल पाठवायची व्यवस्था गटाने केली. लाकडांची भरपाई होऊ शकली नाही. मार्चमध्ये त्या घराने शेजाऱ्यांकडून उसनं घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

२२ च्या दुपारी निघायला हवं होतं का? चौघांपैकी दोघे आजही नाही म्हणतात, कारण अंधारात, सुरू झालेल्या बर्फात तो रस्ता गाठला असता तर आणखी वाईट घडलं असतं. मला हे पटत नाही. चालकाने तीन वाजताच सांगितलं होतं आणि तेव्हा उजेड होता. तो रस्ता ओळखणारा त्या खोलीत तो एकच होता, आणि नेमकं त्यालाच मत नव्हतं. माझ्या गटांत मी आता एक नियम ठेवतो: हवामान बिघडत असताना चालकाने किंवा स्थानिक वाटाड्याने निघा म्हटलं तर त्यावर मतदान होत नाही.

राखीव औषध वापरातल्या औषधापासून वेगळं ठेवणं बरोबर होतं, डिकीत ठेवणं नव्हतं. थंडीत दोन्ही साठे माणसांच्या अंगावर हवेत, आणि एक दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी उरते. मधुमेह कुणाला आहे, कोणतं इन्सुलिन लागतं आणि रोज किती, हे गटातल्या फक्त दोघांना ठाऊक होतं. यजमानांना ते चौथ्या दिवशी कळलं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ती पिशवी बाहेर राहिलीच नसती, असं ते मला म्हणाले. थंडीत काय गोठतं हे त्या घरातल्या मुलालाही माहीत आहे.

हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं कोणतंही साधन त्या दहा जणांकडे नव्हतं. एकेकाने ओलांडणं यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्यापूर्वी फोनवरून ते विचारून घेता आले असते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

यजमानांना मी शेवटी विचारलं की पुढच्या पाहुण्यांना काय सांगू. त्यांनी नेमकं सांगितलं: डिसेंबर ते मार्च कुणी आलं तर राहायच्या दिवसांच्या दुप्पट दिवसांचा शिधा काझाहूनच घेऊन यावा, आणि गाडीत जागा असेल तर लाकडाची एक मोळीही. उरलं तर घरात राहील, त्याचे पैसे ते देतील.